चिकटवलेल्या मोटारीचं फाटक

अमेरिकेतलं एखादं तळघर. एका भिंतीला कपडे धुण्याचं यंत्र, समोर वरच्या मजल्यावरून हद्दपार झालेला सोफा, आणि या दोहोंच्या मध्ये प्लायवुडच्या टेबलावर एक अख्खं गाव. गावातून रूळ जातात, रुळांना आडवा रस्ता जातो आणि त्या रस्त्यावर, फाटकाच्या अलीकडे, एक लालचुटूक मोटार उभी असते. दूरवरून मालगाडी येते. लाल दिवे आळीपाळीने लुकलुकू लागतात, घंटा वाजते, फाटकाचा दांडा सावकाश खाली येतो. डबे खडखडत निघून जातात. दांडा वर होतो, दिवे विझतात, घंटा थांबते.

मोटार हलत नाही.

मागची मोटार हॉर्नही देत नाही, कारण तीही हलत नाही. दोघी गोंदाच्या एकेका थेंबावर कायमच्या उभ्या आहेत. पुढच्या मोटारीतल्या ड्रायव्हरला तर पायच नाहीत; सीटवर मावेना म्हणून त्याला ब्लेडने कमरेखाली कापला आणि मग आत बसवला. जागचं हलण्याची सुतराम शक्यता नसलेल्या या गृहस्थाला रेल्वेची धडक बसू नये, एवढ्यासाठी घरमालकाने गेले पाच शनिवार-रविवार टेबलाखाली उताणं पडून काढले आहेत.

या छंदाला तिकडे मॉडेल रेलरोड म्हणतात. ‘खेळण्यातली आगगाडी’ म्हणणाऱ्या पाहुण्याला पुन्हा तळघरात नेत नाहीत. खेळणं आणि मॉडेल यांतला फरक एका आकड्यात आहे : ८७. एचओ नावाच्या सर्वांत लोकप्रिय मापात प्रत्येक वस्तू खऱ्या वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढी असते. सहा फुटी माणूस भरतो २१ मिलिमीटर. दोन रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. १९३४ च्या जानेवारीत मिलवॉकी शहरातून ‘मॉडेल रेलरोडर’ हे मासिक निघू लागलं आणि पुढच्याच वर्षी त्याच शहरात या मंडळींची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. एका कंपनीची चाकं दुसऱ्या कंपनीच्या रुळांवर चालावीत म्हणून संघटनेने मापं ठरवून दिली. त्यामुळे डबे एकमेकांना जोडले जाऊ लागले. माणसांचं जुळणं एवढं सोपं नव्हतं. दुसऱ्याच्या इंजिनावरचे रिव्हेट मोजायचे आणि दोन कमी भरले तर ती बातमी यजमानाला कॉफी यायच्या आत द्यायची, असा एक कडवा पंथ या छंदात आहे. त्यांना इतर लोक ‘रिव्हेट मोजणारे’ असंच म्हणतात, आणि अर्थात तो गौरव नसतो.

पण व्रत जितकं कडक तितक्या पळवाटा जास्त, हे चातुर्मास पाळणाऱ्यांच्या घरात वाढलेल्या कुणालाही सांगायला नको. ब्रिटिशांचंच बघा. त्यांची खरी इंजिनं अमेरिकन इंजिनांपेक्षा अंगाने लहान, त्यामुळे सत्त्याऐंशीव्या हिश्शात त्या काळची विजेची मोटर बसेना. मग त्यांनी इंजिन शहात्तराव्या हिश्शाचं केलं आणि रूळ मात्र सत्त्याऐंशीव्या हिश्शाचेच ठेवले. म्हणजे अंगरखा एका मापाचा आणि तुमान दुसऱ्या मापाची. गेली कित्येक दशकं ब्रिटनमधल्या बहुतेक छोट्या गाड्या या चुकीच्या रुळांवरून बिनतक्रार धावत आहेत. कॅलिफोर्नियात मॉन्टेरेला जॉन अ‍ॅलन नावाचे गृहस्थ होते. डोंगर, दऱ्या, गंजलेली छपरं, धुरकटलेल्या भिंती यांत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांच्या टेबलाचे फोटो बघून लोक खऱ्या रेल्वेचे म्हणून फसत. याच माणसाच्या यार्डात डबे ढकलायला एक डायनासोर होता. नाव एमा. खरेपणाच्या शिखरावर पोचल्यावर तिथे काय करावं हे अ‍ॅलन यांना नीट कळलेलं होतं.

फाटकाच्या सिग्नलची हौस मात्र अशी आहे की तिच्यात खरेपणा आणि खोटेपणा यांची रोज मारामारी होते, आणि खोटेपणा जिंकल्याशिवाय काम पुरं होत नाही.

सुरुवात नेहमी एकाच प्रकारे होते. रूळ टाकून झाले, डोंगर झाले, पाच-सहाशे झाडं लावून झाली. मग कुणाचं तरी सात वर्षांचं पोर टेबलाच्या कडेवर हनुवटी टेकून विचारतं, “फाटक का पडत नाही?” त्या रात्री मालकाला झोप लागत नाही.

खेळण्याच्या जगात या प्रश्नाचं उत्तर फार पूर्वी मिळालं होतं. लायोनेल कंपनीने १९३५ मध्ये ‘ऑटोमॅटिक गेटमन’ विकायला काढला. एक खोपटं, त्याला एक दार. गाडी जवळ आली की रुळांखालची पट्टी तिच्या वजनाने दबते, वीज जोडली जाते, खाडकन दार उघडतं आणि हातात कंदील घेतलेला गेटमन बाहेर येतो. गाडी गेली की तो तितक्याच तातडीने आत जातो, जणू चुलीवर दूध ठेवून आला होता. गेटमन मापाने भलताच थोर होता. डब्याशेजारी उभा केला तर भीम वाटावा. पण कुणाचीही तक्रार नव्हती. कंपनीच्या सर्वांत जास्त खपलेल्या वस्तूंपैकी तो एक ठरला आणि पुढे अनेक दशकं दार उघडून बाहेर येत राहिला.

मॉडेलवाल्याला असला भीम चालत नाही. तो आधी नियमांचं पुस्तक उघडतो, आणि इथे त्याच्या दुःखाला सुरुवात होते.

अमेरिकेत खऱ्या फाटकाचे नियम भलतेच नेमके आहेत. गाडी फाटकात पोचण्याच्या किमान २० सेकंद आधी इशारा सुरू झाला पाहिजे. दोन लाल दिवे आळीपाळीने लागले पाहिजेत. एकेका दिव्याची उघडझाप मिनिटाला ३५ पेक्षा कमी नको, ६५ पेक्षा जास्त नको. दिवे सुरू झाल्यावर निदान ३ सेकंदांनी दांडा हलू लागावा आणि गाडी येण्याच्या निदान ५ सेकंद आधी तो आडवा झालेला असावा. दांड्यावर तीन छोटे दिवे. टोकाचा सतत जळणारा, उरलेले दोन आळीपाळीने लुकलुकणारे. इंजिनाने पंधरा ते वीस सेकंद आधी भोंगा द्यायचा, तोही लांब, लांब, आखूड, लांब असाच. तारायंत्राच्या भाषेत हे ‘क्यू’ अक्षर होतं. आळीपाळीने लागणाऱ्या त्या दोन दिव्यांमागे एक माणूस दडलेला आहे. पूर्वी फाटकावर पहारेकरी असे आणि रात्री तो लाल कंदील डावीकडून उजवीकडे झुलवी. माणूस गेला, कंदील गेला, झुलणं तेवढं दोन दिव्यांत उरलं. कंदील आणि दिवे यांच्या मधल्या काळात दक्षिण कॅलिफोर्नियात पॅसिफिक इलेक्ट्रिक रेल्वेच्या अल्बर्ट हंट यांनी १९०९ मध्ये एक लाल तबकडी लंबकासारखी झुलवून पाहिली होती. तिचं नाव विगवॅग. ती तबकडी टेबलावर हुबेहूब झुलवायचा हट्ट धरणारे लोक आजही आहेत, आणि त्यांच्या बायका इतर बायकांना फोनवर ते सांगतात.

तर वीस सेकंद. आता पेन्सिल घ्या. खरी गाडी ताशी ६० मैलांनी येते आहे असं धरलं तर ती सेकंदाला ८८ फूट जाते. वीस सेकंदांत १७६० फूट. त्याला ८७ ने भागा. वीस फूट आणि वर दोन-तीन इंच. म्हणजे इंजिन फाटकापासून वीस फुटांवर असतानाच दिवे लागले पाहिजेत.

अमेरिकन तळघरातली प्रमाणभूत जमीन म्हणजे प्लायवुडची एक पूर्ण फळी, आठ फूट लांब आणि चार फूट रुंद. तिच्यावर १८ इंच त्रिज्येची वळणं घालून रुळांचा लांबट गोल टाकला की त्याची एकूण लांबी भरते जेमतेम १८ फूट. सगळा संसार १८ फुटांचा आणि इशारा द्यायचा २० फुटांवरून! साठ मैलांनी निघालेली गाडी १८ सेकंदांत पूर्ण फेरी मारते. नियम पाळायचा तर एका फेरीतलं इंजिन फाटकात शिरायच्या दोन सेकंद आधीच त्याच्या पुढच्या फेरीचा इशारा सुरू व्हायला हवा. फाटक एकदा पडलं की पुन्हा उघडण्याचा प्रश्नच येत नाही.

बरं, गाडी हळू चालवू. ताशी ३० मैल. आता फेरीला ३६ सेकंद लागतात आणि इशाऱ्यासाठी दहा फूट पुरतात. पण गाडीलाही लांबी असते. चाळीस फुटी खऱ्या डब्याचा छोटा अवतार सहा इंचांचा. असे पंधरा डबे आणि एक इंजिन म्हणजे आठेक फूट. ते फाटकावरून जायला १६ सेकंद. वीस आणि सोळा छत्तीस. शेवटचा डबा फाटक ओलांडतो त्याच क्षणी इंजिन पुन्हा इशाऱ्याच्या हद्दीत येऊन उभं. दांडा वर जाण्याचा विचार करतो आणि सोडून देतो.

मराठी वाचकाला यात काही विपरीत वाटणार नाही. आपल्याकडे फाटक ‘बंद करतात’ असं कुणी म्हणत नाही, ते ‘पडतं’. संकट पडावं तसं. स्कूटरवाले दांड्याखालून स्कूटर तिरकी करून काढतात, पेरूवाला गाड्यांच्या रांगेतून फिरतो, रिक्षावाला उतरून आळस देतो. ही आपल्या रेल्वेची ढिलाई नाही, यामागे तत्त्व आहे. अमेरिकेत गाडी येते म्हणून फाटक पडतं. आपल्या सिग्नलशी जोडलेल्या फाटकांवर आधी गेटमनने फाटक पाडून कुलूपबंद करायचं, मगच गाडीचा सिग्नल उतरतो. तिकडे फाटक गाडीची वाट बघतं, इकडे गाडी फाटकाची वाट बघते आणि आपण दोघांची. तेव्हा भारतीय पद्धतीची रेल्वे प्लायवुडवर करायची तर कायम पडलेलं फाटक हा दोष ठरायचं कारण नाही. मॉडेलकाराने दांड्याखाली दोन तिरक्या स्कूटर तेवढ्या चिकटवाव्यात.

अमेरिकन मॉडेलवाल्याला ही सोय नाही. तो नियमाचं पुस्तक मिटतो आणि चोरी करतो. वीस सेकंदांचे चार-पाच सेकंद करतो, सेन्सर फाटकापासून दोन-अडीच फुटांवर बसवतो आणि दांडा जरा भरभर खाली आणतो. भोंग्याची गोची मात्र सुटत नाही. लांब, लांब, आखूड, लांब हे रीतसर वाजवून होईपर्यंत इंजिन फाटक ओलांडून पुढच्या बोगद्यात गेलेलं असतं आणि शेवटचा लांब सूर डोंगराच्या पोटातून येतो. पाहुण्यांना तो फार आवडतो.

गंमत म्हणजे पाहणाऱ्याला हे सगळं खरं वाटतं. एखाद्याने मोठं टेबल बांधून वीस सेकंदांचा अस्सल इशारा दिलाच, तर पाहुणे दिव्यांकडे बघतात, घड्याळाकडे बघतात आणि विचारतात, “बिघडलंय का?” अंतर सत्त्याऐंशी पट कमी करता येतं, माणसाचा धीर मात्र आधीच इतका लहान असतो की त्याला आणखी भागता येत नाही. त्यातून या मंडळींच्या घड्याळांची कथा निराळीच. दोन गावांमधलं अंतर पंधरा फूट असल्यामुळे वेळापत्रक फारच केविलवाणं दिसतं, म्हणून ते चौपट वेगाने पळणारं घड्याळ भिंतीवर लावतात. त्यांच्या सहा तासांचा आपला दीड तास होतो. या चौपट वेगाच्या जगात फाटकाचे दिवे तेवढे आपल्या साध्या सेकंदांनी लुकलुकतात. त्यांना चौपट वेग दिला तर गाव बारात गेल्यासारखं दिसेल.

वेळेचं असं भागलं की पुढचा प्रश्न : गाडी आली हे फाटकाला कळणार कसं?

खऱ्या रेल्वेने याचं उत्तर १८७२ मध्ये विल्यम रॉबिन्सन यांच्या पेटंटात दिलं. रुळांच्या एका तुकड्यातून अगदी सौम्य वीज सतत खेळवायची आणि तिच्या जोरावर एक रिले उचलून धरायचा. गाडी आली की तिची चाकं आणि आस दोन रुळांना जोडतात, वीज परस्पर वळते, रिले खाली पडतो आणि इशारा सुरू होतो. यातलं शहाणपण असं की रूळ तुटला, तार निघाली, बॅटरी मेली, काहीही झालं तरी रिले पडतोच. बिघाड झाला की फाटक गाडी आली असं समजतं. तळघरात नेमकं उलट असतं. तार निघाली की सगळीकडे शांतता पसरते आणि मालगाडी रस्त्यावरून बेधडक जाते. प्लास्टिकची माणसं याला सरावली आहेत.

जुन्या पिढीने स्लीपरच्या मधोमध, रुळांच्या फटीत, प्रकाश ओळखणारा एक छोटा सेल बसवला. तो छताकडे डोळा लावून असतो. वरून गाडी गेली की अंधार होतो. अंधार झाला की गाडी आली. साधं, स्वस्त, आणि मालक टेबलावर वाकेपर्यंत निर्दोष. तो वाकला की त्याच्या पोटाची सावली रुळांवर पडते आणि तीन फाटकं एकदम पडतात. या तऱ्हेची खरी शोभा रात्री दिसते. सगळे वर जेवायला निघतात, शेवटचा माणूस जिन्याशी असलेला दिव्याचा खटका बंद करतो, आणि मागे अंधारात अख्ख्या गावाची अशी खात्री पटते की सगळ्या मार्गांवर सगळ्या गाड्या एकाच वेळी आल्या आहेत. घंटा वाजू लागतात. मालक सूप टाकून खाली धावतो.

म्हणून पुढे अवरक्त किरण आले. सेन्सर स्वतःच अदृश्य उजेड फेकतो आणि तो वरच्या डब्यावरून परत आला की गाडी आली असं मानतो. आता खोलीतल्या दिव्याची भानगड नाही. पण काळा रंग हे किरण गिळतो, आणि वाफेच्या इंजिनाचा रंग काय असतो? शिवाय दोन डब्यांमधली फट. पहिला डबा गेला, सेन्सरला वाटलं गाडी संपली. दांडा उचलू लागतो तोच दुसरा डबा. पंधरा डब्यांच्या गाडीला दांडा पंधरा वेळा नमस्कार घालतो. यावर तोड म्हणजे किरण रुळांना सरळ न ठेवता तिरका काढायचा, म्हणजे फट सापडत नाही, आणि वर दोन-तीन सेकंदांची सबूर घालायची. मांजराला वेगळा नियम नाही. ते रुळांवर झोपलं की फाटक बंद.

तिसरा मार्ग खऱ्या रेल्वेच्या सर्वांत जवळचा. हल्ली रुळांत वीज कायम असते आणि हुकूम त्याच विजेतून इंजिनाला जातात. तेव्हा कुठल्या तुकड्यात वीज खर्च होते आहे एवढं मोजलं की गाडी सापडते. इंजिन वीज खातं, डबे खात नाहीत. इंजिन फाटकापलीकडे गेलं की मागचे पंधरा डबे कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतात. म्हणून प्रत्येक डब्याच्या दोन आसांवर दहा हजार ओहमचा एकेक रोधक चिकटवायचा. लांबी दोन मिलिमीटर. तो चिमट्याने उचलायचा, गोंदाच्या टिपक्यावर ठेवायचा आणि दोन्ही बाजूंना चांदीच्या रंगाने चाकाशी जोडायचा. पन्नास डबे, शंभर रोधक. चिमट्यातून उडालेला रोधक गालिच्यात पडला की तो कुणालाही पुन्हा सापडत नाही. त्या दिवशी घरात शिंकायला बंदी असते.

एवढं करूनही सेन्सरला येणं आणि जाणं यांतला फरक कळत नाही. फाटकाच्या दोन्ही अंगांना सेन्सर असतात, कारण गाडी दोन्हीकडून येते, आणि एक मधोमध. डावीकडून आलेली गाडी फाटक ओलांडून उजव्या सेन्सरवर पोचली की तो बिचारा इमानदारीने पुन्हा घंटा सुरू करतो. येणाऱ्या जावयासाठी गालिचा अंथरावा हे ठीक, पण तो परत निघाला की पुन्हा ताशे वाजवायचे नसतात, ही अक्कल सर्किटला शिकवावी लागते. आधी डावा, मग मधला, मग उजवा असा क्रम लागला तर उजव्याकडे काणाडोळा कर, असं त्याला सांगायचं. ते शिकतं. मग एके दिवशी गाडी फाटकाच्या मध्यावर थांबते, चार डबे सोडते आणि आल्या वाटेने मागे जाते. सर्किट जाणाऱ्या गाडीची वाट बघत बसतं. ती येणार नसते. मालक पुन्हा टेबलाखाली.

दिव्यांचा तिढा त्यामानाने गोड. पूर्वी यासाठी जे बारीक बल्ब मिळत त्यांना ‘ग्रेन ऑफ व्हीट’, म्हणजे गव्हाचा दाणा म्हणत. त्याहून लहान हवा असेल तर ‘ग्रेन ऑफ राइस’. सिग्नलचा विषय निघाला की संभाषण वाणसामानाच्या यादीसारखं ऐकू येई. आता एलईडी आहेत. रस्त्यावरच्या खऱ्या दिव्याची काच १२ इंचांची, म्हणजे टेबलावर साडेतीन मिलिमीटर. तेव्हा तीन मिलिमीटरचा साधा एलईडी जवळजवळ मापात बसतो. लुकलुकण्यासाठी ५५५ नावाची आठ पायांची चिप. स्विस माणूस हान्स कामेन्झिंड यांनी १९७१ मध्ये ती आखली आणि तेव्हापासून जगात जे काही लुकलुकतं, टिकटिकतं, त्यातल्या बऱ्याच गोष्टींच्या पोटात ती असते. एक एलईडी तिच्या तिसऱ्या पायापासून धनाकडे, दुसरा ऋणाकडे जोडला की एक विझतो तेव्हा दुसरा लागतो. काम अर्ध्या तासात संपतं.

संपू मात्र देत नाहीत. कारण एलईडी फटकन लागतो आणि फटकन विझतो. तंतूचा बल्ब तापायला क्षणभर घेई आणि निवायलाही. ज्याच्या टेबलावर १९५५ साल चालू आहे त्याला हे फटकन लागणं काट्यासारखं सलतं. मग आर्डुइनोचा छोटा संगणक बसवून त्याला हळूच लागायला आणि हळूच विझायला शिकवायचं. तंतूच्या ज्या आळसापासून सुटका करून घ्यायला अभियंत्यांनी आयुष्यं घालवली, तो आळस हे गृहस्थ रात्री दोन वाजता प्रोग्राम लिहून परत आणतात.

दांड्याचं नाव काढू नये. पंधरा फुटी दांडा म्हणजे टेबलावर दोन इंच, सुतळीएवढ्या जाडीचा, आणि त्यावर ते तीन दिवे. एक मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद एवढे एलईडी मिळतात; त्यांना केसासारख्या तारा डागायच्या. दांडा हलवायला टेबलाखाली नऊ ग्रॅमची सर्व्हो मोटर. मोटर गुणी आहे, पण तिला एक खोड असते : वीज चालू करताच अंगावर पाल पडल्यासारखी दचकते. त्या दचक्यात दांडा सपकन खाली येतो आणि खाली जे असेल त्याला माशीसारखं फटकारतो. फाटकाने केलेल्या अपघातांची संख्या रेल्वेने केलेल्यांपेक्षा जास्त आहे असे संसार असतात.

हा सगळा उद्योग रिकामटेकड्यांचा असं म्हणायची सोय नाही. बोस्टनशेजारच्या एमआयटीमध्ये १९४६ पासून टेक मॉडेल रेलरोड क्लब आहे. त्यात दोन तट होते. एका तटाला डबे रंगवणं आणि देखावे करणं प्रिय. दुसऱ्याला ‘सिग्नल्स अँड पॉवर’ उपसमिती म्हणत. ही पोरं टेबलाखाली राहत, टेलिफोनचे जुने रिले आणि स्विच जोडून गाड्यांचं नियंत्रण करत. चलाख जोडणीला त्यांच्या बोलीत ‘हॅक’ म्हणत आणि ती करणाऱ्याला ‘हॅकर’. पुढे हीच पोरं संस्थेतल्या संगणकांकडे वळली आणि शब्दही घेऊन गेली. आज तुमच्या बँकेचा निरोप ज्या शब्दाची भीती घालतो, त्याचा जन्म छोट्या रेल्वेच्या टेबलाखालचा.

आणि विजेचं काम जमत नसेल तर लाजण्याचं कारण नाही. गायक रॉड स्ट्यूअर्ट यांनी २३ वर्षं खपून एचओ मापात एक अमेरिकन महानगर उभं केलं. गाण्याच्या दौऱ्यावर असताना हॉटेलात इमारती बांधल्या. २०१९ मध्ये बीबीसी रेडिओच्या निवेदकाने हे त्यांनी स्वतः केलं असेल का अशी शंका काढली, तेव्हा त्यांनी थेट कार्यक्रमात फोन लावून सुनावलं की नव्वद टक्के काम माझं आहे. उरलेल्यात काय होतं तेही कबूल केलं : विजेचं काम. ते दुसऱ्याकडून करून घेतलं. लाखोंच्या सभेसमोर गाणारा माणूस तारांपुढे थांबला, यातच या खात्याचा अधिकार कळतो.

पुण्यात कोथरूडला बी. एस. जोशी यांच्या आयुष्यभराच्या हौसेतून उभं राहिलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झालं. ज्यांना मिलवॉकी परवडत नाही त्यांनी तिथे जावं. गाड्या धावत असतात, सिग्नल बदलत असतात, आणि मुलांपेक्षा वडील पुढे वाकून बघत असतात. मुलं दमून ‘चला ना’ म्हणू लागतात. हॅम्बुर्गच्या मिनियाटूर वुंडरलांडमध्ये तर, २००१ मध्ये दोन जुळ्या भावांनी सुरू केलेल्या त्या अवाढव्य जगात, मोटारीसुद्धा चालतात. पुढच्या चाकांना जोडलेला लोहचुंबक रस्त्यात पुरलेल्या तारेच्या मागे मागे जातो. मोटार येते, फाटकाशी थांबते, गाडी जाते, मोटार निघते. तिथलं फाटक खऱ्या अर्थाने कुणाला तरी अडवतं.

आपल्या तळघरातल्या गृहस्थाला अजून ती सोय झालेली नाही. कधी त्याच्याकडे जाण्याचा योग आलाच, तर एवढं करा. दिवे लागले की बोलणं थांबवा आणि शेवटचा डबा जाईपर्यंत गप्प उभे राहा. त्या गावात थांबू शकणारे तुम्ही एकटेच आहात. सेकंद मोजू नका, आणि मोजलेच तर सांगू नका. आणि निघताना जिन्याशी असलेल्या खटक्याला हात लावू नका. तो दिवा मालक स्वतः मालवतो.